काचेच्या कपाटात आपले काय आहे? मुंबई पाहायला निघणाऱ्या सोलापूरच्या तरुणांसाठी

१९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांकडे इच्छा व्यक्त केली, की तुम्ही बरोबर येणार असाल तर कुठेतरी प्रेक्षणीय स्थळे पाहायला जाऊ. बाबासाहेब तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी तरी पाहायचीच, असे ठरले. तीसेक माणसे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. प्रवासाची धूळ अंगावर बसलेली, म्हणून काही जणांनी दारापाशी असलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की या अस्पृश्यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी आत जायची परवानगी मिळाली ती एका अटीवर : किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. अट पाळली जाते की नाही हे पाहायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात बाबासाहेबांनी हे सविस्तर नोंदवले आहे. हिंदूंनी ज्याला अस्पृश्य ठरवले तो मुसलमानालाही अस्पृश्यच वाटतो, हा धडा त्यांनी त्यातून मांडला.

आम्हाला या प्रसंगातून आणखी एक गोष्ट दिसते. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेला, गोलमेज परिषदेत बोललेला, पुणे करारावर सही केलेला हा माणूस आपल्या कार्यकर्त्यांना घेऊन लेणी आणि किल्ले पाहायला निघतो. लढाई ऐन भरात असताना त्याला हे वेळ घालवणे वाटत नाही. पुढच्याच वर्षी येवल्याला धर्मांतराची घोषणा होणार होती. अशा माणसाला वेरूळ का पाहावेसे वाटले, याचा विचार आपण कधी केला आहे का?

सहा डिसेंबरचे तिकीट आणि उरलेली मुंबई

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे आणि चादरीचे कारखाने आहेत, डाईंग आहे, सायझिंग आहे. इथल्या वस्त्यांतून दरवर्षी सहा डिसेंबरला माणसे दादरला जातात. रात्रभर रेल्वेत अंग चोरून बसायचे, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहायचे, शिवाजी पार्कवर पुस्तके घ्यायची आणि परतीची गाडी धरायची. ही आपल्या चळवळीची ताकद आहे. तिला कोणी नावे ठेवू नयेत.

पण एवढ्या वर्षांत आपल्यापैकी किती जणांनी भायखळ्याचे संग्रहालय पाहिले? कान्हेरी पाहिली? काळा घोड्याच्या चौकात बाबासाहेब जिथे शिकले त्या कॉलेजच्या इमारतीकडे मान वर करून किती जणांनी पाहिले? ‘ते शिकलेल्या श्रीमंतांचे काम’ असे आपणच ठरवून टाकले आहे. आता दौलताबादचा शिपाई आपल्या मागे कोणी लावलेला नाही, तरी आपण दारातूनच परततो.

आमचे म्हणणे साधे आहे. येत्या सहा डिसेंबरला दोन दिवस आधी निघा. मुंबई पाहा. मात्र कौतुकाने आ वासून पाहू नका. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा. हे कोणी घडवले? त्यासाठी पैसा कोणाच्या कष्टातून आला? आणि यात कोणाला येऊ दिले नाही?

भायखळा : मातीची माणसे

सुरुवात राणीच्या बागेपासून करा. तिथले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडले. तेव्हाचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, आजचे नाव १९७५ पासूनचे. त्याचे मूळ मात्र १८५१ च्या लंडनच्या आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत आहे. या मुलखात काय पिकते, काय बनते, कोणता माल स्वस्तात उचलता येईल, हे साम्राज्याला दाखवायला वस्तू गोळा झाल्या. त्यातून संग्रहालयाची कल्पना पुढे आली.

आत मातीच्या लहान लहान प्रतिकृती आहेत. नाना जातीजमातींची, नाना धंद्यांची माणसे. पगड्या वेगळ्या, लुगडी वेगळी, हातातली अवजारे वेगळी. काम नाजूक आहे, पाहत राहावे असे आहे. पण नीट पाहा. या माणसांना नाव नाही. त्यांची ओळख म्हणजे जात आणि धंदा. बघणारा एकीकडे आणि बघितले जाणारे दुसरीकडे, मध्ये काच.

आता तारखा शेजारी ठेवा. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. देशभरची पहिली जनगणना १८७२ च्या सुमाराची. संग्रहालय १८७२ चे. माणसांना खणाखणांत बसवण्याचा हा एकच काळ आहे. वर्णव्यवस्थेने खण आधीच आखून ठेवले होते, इंग्रजांनी त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. आणि ही काही दूरची गोष्ट नाही. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही पत्त्यात लिहिला जातो. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथे तारेच्या कुंपणात ठेवले होते. हजेरी द्यायची आणि कामावर जायचे. त्यांतली कितीतरी माणसे सोलापूरच्या गिरण्यांत राबली. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. भायखळ्याच्या कपाटातली मातीची माणसे आणि सोलापूरच्या कुंपणातली जिवंत माणसे एकाच नजरेने पाहिली गेली होती. हे तिथल्या पाटीवर लिहिलेले नसेल, तर ते आपण बरोबरच्या पोरांना सांगायचे.

काळा घोडा : दगडात विणलेला धागा

भायखळ्याहून दक्षिणेला काळा घोडा. मुंबईचा ‘कलेचा परिसर’ म्हणून याची ख्याती आहे. १९९९ पासून इथे कला महोत्सव भरतो. ज्या पुतळ्यावरून नाव पडले तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ साली हलवून राणीच्या बागेत ठेवला गेला. तो पुतळा दिला होता ससून घराण्याने. शेजारचे डेव्हिड ससून ग्रंथालयही त्यांच्याच नावाचे. ससूनांची संपत्ती अफूच्या आणि कापसाच्या व्यापारातून आणि पुढे गिरण्यांतून आली. थोड्या अंतरावरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेले मोठे संग्रह आहेत. टाटांच्या वैभवातही गिरण्यांचा वाटा आहे. म्हणजे या देखण्या दगडी चौकात फिरताना आपण परक्या जागेत नसतो. आपल्या आज्या-पणज्यांनी ओढलेल्या सुतावर हा चौक उभा आहे.

याच चौकात एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे. बाबासाहेबांनी बी.ए. केले ते याच कॉलेजातून. पुढे उच्च न्यायालय, जिथे त्यांनी १९२३ पासून वकिली केली. आणखी चालत फोर्टमध्ये गेलात की आनंद भवन आणि बुद्ध भवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची आणि तिचे सिद्धार्थ कॉलेज २० जून १९४६ चे. मुंबईच्या वारशाची सहल ‘गॉथिक’ कमानी दाखवते, आर्ट डेको दाखवते. या इमारतींना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हटले, ते योग्यच. पण अस्पृश्य म्हणून हिणवलेल्या माणसाने त्याच परिसरात कॉलेज काढले आणि गिरणी कामगारांची पोरे पदवीधर केली, हा वारसा कमानीपेक्षा कमी आहे का?

सोपारा, कान्हेरी आणि आपली भीमा

वस्तुसंग्रहालय प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणून १९२२ मध्ये लोकांना खुले झाले. तिथे सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. ज्या मुलखात आज बौद्ध शोधावे लागतात तिथले हे अवशेष. मुंबईच्या उत्तरेला सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खोदला. एकात एक ठेवलेले करंडक निघाले, दगडाचा, तांब्याचा, चांदीचा, स्फटिकाचा, सोन्याचा. आत मातीच्या भांड्याचे १३ तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानून कोणीतरी सोन्यात जपले होते. ते करंडक आज एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यालाच सापडले.

दुसऱ्या दिवशी बोरिवलीहून कान्हेरीला जा. शंभरावर लेणी आहेत. तिथले ब्राह्मी लेख दान कोणी दिले ते सांगतात. राजे आहेत, व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत. आणि कल्याणचा एक सोनार आहे, ज्याने पाण्याची पोढी दिली. कल्याणचाच एक लोहार आहे, ज्याने वाट करून दिली. हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव दगडावर कोरले गेले आणि अठराशे वर्षे टिकले. भायखळ्याची नाव नसलेली मातीची माणसे आठवा, म्हणजे फरक कळेल. दौलताबादचा हौद आठवा आणि त्या सोनाराच्या पोढीकडे पाहा. बाबासाहेबांनी वेरूळचा आग्रह का धरला, याचे आमच्या परीने उत्तर हे आहे. या देशात माणसाला माणूस म्हणून नोंदवणारी परंपरा होती, तिचा पुरावा दगडात आहे, आणि तो वाचायला आपल्याला कोणी शिकवले नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू. हा पुरावा मुंबईतच आहे असे नाही. आपल्या दाराबाहेरचा अक्कलकोट रस्ता पुढे कर्नाटकात जातो. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आहे. तिथल्या चंद्रलांबा देवळात १९८६ साली अशोकाचे लेख सापडले. शेजारी कनगनहळ्ळीला स्तूप निघाला आणि त्यातल्या एका शिल्पावर राजा अशोकाचे नावच कोरलेले मिळाले. जी भीमा आपल्या जिल्ह्यातून वाहते, तीच ती. उत्तरेला धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, प्राचीन तगर. तिथे लामतुरे संग्रहालय आहे. मुंबईला जाणे जमत नसेल त्याने आधी इथे जावे.

परळ-दादर : धोट्याचा दोरा

तिसरा दिवस गिरणगावाचा ठेवा. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. दोन खोल्या, बाहेर सार्वजनिक नळ, आणि त्यात डॉक्टरेट मिळवलेला माणूस. ‘राजगृह’ त्यानंतरचे. दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची वाटचाल सुरू झाली, तीही याच परळात.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. तिथे माग असतील, चरखे असतील, दत्ता सामंतांच्या १९८२ च्या संपाचे फोटोही असतील. आमचा प्रश्न असा : धोट्याची गोष्ट असेल का?

मागावर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. कांडी संपली की धोट्यात नवी कांडी घालायची आणि दोरा डोळ्यातून बाहेर काढायचा. जुन्या मागावर तो तोंडाने ओढून काढावा लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जाई. तेवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. पगार जास्त होता तो विणकाम खात्यात. आपली माणसे कताईत, कमी पगारावर. गिरणी नवी, यंत्र विलायती, आणि जात मात्र गावातली. १९२८ च्या संपात कामगार पुढाऱ्यांना वर्ग दिसत होता, धोटा दिसत नव्हता. हा अन्याय बाबासाहेबांनी वेशीवर टांगला आणि कामगारांच्या मागण्यांत तो घ्यायला लावला. ‘कामगार तितुका एक’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा धोटा दाखवला पाहिजे. संग्रहालयात माग ठेवायचा आणि ही गोष्ट गाळायची, तर ते लाकूड-लोखंडाचे प्रदर्शन होईल, इतिहास होणार नाही.

दादरला आल्यावर आणखी एक जागा पाहा. बाबासाहेबांचा छापखाना, भारत भूषण प्रिंटिंग प्रेस, जिथे होता ती आंबेडकर भवनाची जागा. २५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात ती इमारत पाडली गेली. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ यांच्या इतिहासातली ही वास्तू. जुलैमध्ये मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. पण पडलेली भिंत मोर्चाने परत उभी राहत नाही. राजाचा वाडा पडायला आला तर वारसा समिती बसते. आपला छापखाना मात्र एका रात्रीत राडारोडा होतो. म्हणून आपला वारसा आपणच, पडण्याआधी, नोंदवून ठेवला पाहिजे.

जवळच इंदू मिल आहे. बंद गिरणीची जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी म्हणून २०११ च्या सहा डिसेंबरला कार्यकर्ते आत घुसले, तेव्हा कुठे सरकार हलले. लोअर परळच्या गिरण्यांचे मॉल झाले, पब झाले. या एका गिरणीचे तसे झाले नाही, ते लोकांनी हट्ट धरला म्हणून.

धारावी : खरा कलेचा परिसर

परत निघण्याआधी धारावीत जा. पण ‘झोपडपट्टी दर्शन’ करायला जाऊ नका, काम पाहायला जा. कुंभारवाड्यातल्या भट्ट्या, चामड्याचे काम, शिवणकाम, जुन्या प्लास्टिकमधून नवा माल. काळा घोड्याला कलेचा परिसर म्हणतात आणि धारावीला वस्ती म्हणतात, हा फरक हातांच्या कौशल्याचा नाही. तो हातांच्या जातीचा आहे.

२०१६ साली दोन परदेशी व्यक्तींनी इथे चाकांच्या गाड्यावर ‘डिझाइन म्युझियम धारावी’ उभे केले. इमारत नाही, तिकीट नाही. वस्तीत बनणारी मडकी, झाडू, कपडे त्यात मांडले आणि गाडा गल्लोगल्ली नेला. कल्पना चांगली होती. पण ती सुचायला बाहेरून माणसे यावी लागली, हेही लक्षात ठेवा.

आणि आपण?

आता कोणी म्हणेल, इथे बारा तासांची पाळी आहे, पीएफचा पत्ता नाही, आणि तुम्ही म्युझियम काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण आठवड्याला ४८ तासांचा कायदा १९४६ साली आला, आणि त्यामागे मजूरमंत्री असलेले बाबासाहेब होते, हे ज्याला ठाऊक असते, तो बारा तासांच्या पाळीला नशीब म्हणत नाही. आपल्याकडून काय हिरावले आहे हे कळल्याशिवाय माणूस मागणी करत नाही. इतिहास हवा तो यासाठी.

सोलापूरचा इतिहास आपण किती सांभाळला? ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. शंभर वर्षे होऊन गेली. आपल्या किती जयंती मंडळांनी त्या शताब्दीची कमान उभारली? त्याच्या आदल्या वर्षी, १९२४ च्या मे महिन्यात, बार्शीच्या परिषदेत बाबासाहेब बोलले. त्या बार्शीतच जन्मलेला आणि गिरणीत राबलेला शाहीर म्हणजे अमर शेख. पंढरपूरच्या पायरीशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यात कोट बांधताना भिंत कोसळली आणि मजुरांसह चोखोबा गाडले गेले, असे परंपरा सांगते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध अस्पृश्य संत कामावरच मेला. भक्तीच्या कथेत ही गोष्ट ओझरती येते. आम्ही तिला बांधकामावरचा अपघात म्हणतो.

१८ मे २०२५ रोजी याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. ८ माणसे गेली. मालक, त्यांच्या घरची माणसे आणि कामगार. त्या आठ जणांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. टॉवेलचे नाव सरकारदरबारी नोंदले गेले. टॉवेल विणणाऱ्याचे नाव कुठे नोंदले आहे? कल्याणच्या लोहाराचे नाव कान्हेरीत अठराशे वर्षे टिकते, आणि एमआयडीसीतल्या कामगाराचे नाव एका वर्षात पुसले जाते. हे आपल्याला खपते कसे?

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ नावाची वस्ती होती. वर्णद्वेषी सरकारने ती गोऱ्यांसाठी जाहीर करून हजारो लोकांना हुसकले आणि घरे पाडली. १९९४ साली त्या लोकांनी एका चर्चमध्ये संग्रहालय उघडले. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरला आणि लोक येऊन आपापले घर कुठे होते तिथे नाव लिहू लागले. सुरुवात झाली ती आठवणींपासून. आपल्याकडेही हे झाले आहे. वामनराव गोडबोलेंनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर अशा वस्तू जपल्या, म्हणून नागपूरजवळ चिचोलीत त्या आज पाहायला मिळतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून त्यांच्या तोंडून इतिहास लिहून घेतला, तो १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ या नावाने आला. वसंत मून यांनी हस्तलिखितांसाठी जिवाचे रान केले, म्हणून १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड निघाले. यांच्यातल्या कोणी मोठ्या निधीची वाट पाहिली नाही.

म्हणून मुंबईहून परत आल्यावर करायची कामे आम्ही इथे मांडतो.

एक, वस्तीतल्या साठीपुढच्या प्रत्येक गिरणी कामगाराची, विडी कामगार बाईची, सेटलमेंटमधल्या आजोबांची मुलाखत मोबाइलवर घ्या. नाव, गाव, गिरणी, खाते, पगार, आणि जात कुठे आडवी आली ते विचारा. सोलापूरच्या गिरण्यांत धोट्याचे काय होते, हे सांगू शकणारी माणसे फार दिवस राहणार नाहीत.

दोन, घराघरांतली हजेरीकार्डे, संपाची पत्रके, जलशाच्या वह्या, दीक्षेचे फोटो स्कॅन करा. मूळ कागद घरीच राहू द्या, प्रत विहारात ठेवा.

तीन, लाकडी धोटे, कांड्या, जुने हातमागाचे भाग भंगारात जाण्याआधी उचला. विहाराच्या एका भिंतीला लावा आणि खाली वापरणाऱ्याचे नाव लिहा. नाव लिहिल्याशिवाय एकही वस्तू मांडायची नाही.

चार, १४ एप्रिलला डीजेवर जो खर्च होतो त्यातला दहावा हिस्सा या कामाला द्या. जयंतीला हातगाड्यावर हे प्रदर्शन मिरवणुकीत चालवा. त्या गाड्यावर १८ मेच्या आठ माणसांची नावे पहिली असतील.

पाच, दरवर्षी एक सहल काढा. एक वर्ष मुंबई, एक वर्ष सन्नती, एक वर्ष तेर. पोरींना मागे ठेवून निघालेली सहल आम्ही आंबेडकरी मानत नाही.

दौलताबादला आपल्या माणसांना पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर इतिहास पाहावा लागला. आज तशी अट घालायची कोणाची हिंमत नाही, कारण संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली आहे. दरवाजा उघडा आहे. आत जायचे, डोळे उघडे ठेवून पाहायचे आणि परत येऊन आपल्या माणसांची नावे लिहायची.

जय भीम! जय संविधान!